आधी कोणाला दिसलं

वसईजवळच्या गिरीज गावात तुस्कानोंच्या घरात बाळाला न्हाऊ घालायचं काम क्लाराचं होतं. सून उन्नती अजून बाळंतपणातून सावरत होती, तिला खाली वाकवत नव्हतं, आणि क्लाराला तर या कामाची हौसच होती. पाटावर बसून ती नातीला पायांवर आडवी घ्यायची, खोबरेल चोळायची, कोमट पाण्यानं न्हाऊ घालायची. मग जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून ओटीवर कोवळ्या उन्हात बसायची.

बारसं होऊन थोडेच दिवस झाले होते. त्या सकाळी केळीच्या पानांमधून आलेली उन्हाची तिरीप बाळाच्या तोंडावर पडली आणि आर्यानं डोळे टक्क उघडले. उजवं बुब्बुळ काळंभोर होतं. डाव्याच्या मधोमध पांढरं काहीतरी होतं, पेजेचा थेंब सांडावा तसं.

साबण गेला असेल म्हणून क्लारानं लुगड्याच्या टोकानं हलकेच डोळा टिपला. पांढरं गेलं नाही. तिनं बाळाचं तोंड सावलीत वळवलं, पुन्हा उन्हात आणलं. ते तिथंच होतं.

तिनं हाक मारली नाही. उन्नती आत चहा पीत होती. जेन्सन आंघोळीला गेला होता. एक हाक पुरली असती.

क्लारा आयुष्यभर गावातल्या शाळेत शिकवत आली होती. नवरा सेबॅस्टियन गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर ती चर्चमध्ये दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देऊ लागली. सगळं गाव तिला टीचर म्हणायचं. तिच्या एकुलत्या एका मुलानं, जेन्सननं, अंधेरीच्या ऑफिसातल्या हिंदू उन्नतीशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा प्रार्थना मंडळातल्या बायका तिच्याशी जपून बोलायला लागल्या. "टीचरच्याच घरात?" असं कोणी तोंडावर म्हणालं नाही, पण तिला ते ऐकू यायचं. उन्नतीचे आईवडील मूळचे चिपळूणकडचे, विरारला फ्लॅट घेऊन राहिलेले. माणसं चांगली होती, मुलगीही चांगली होती. क्लारा तिला कधी टाकून बोलली नाही, तिनं तिला उजेडाची खोली दिली. फक्त घरच्या बोलीत ती तिच्याशी कधी बोलली नाही. सून समोर आली की टीचरच्या तोंडी पुस्तकातली मराठी यायची.

तो ठिपका पाहिल्यावर क्लाराच्या मनात सगळ्यात आधी आलं ते असं, की शेवटी शिक्षा आलीच. मग तिला स्वतःच्याच विचाराची भीती वाटली आणि तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. नातीवर तिचा जीव होता, त्यात खोट नव्हती. पण हे बाहेर कळलं तर मंडळातल्या बायका काय बोलतील हे तिला पाठ होतं, कारण दुसऱ्याच्या घरी असं झालं असतं तर तीही तेच बोलली असती.

तिनं मनाशी ठरवलं की बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, लवकर उरकायचा. त्या पाण्यानं हे धुऊन जाईल. देव दाखवतोय, तो नेईलही. नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेहून आणलेलं आशीर्वादाचं तेल कपाटात होतं. रोज न्हाऊ घातल्यावर ती त्यातला एक थेंब डाव्या पापणीवर लावून प्रार्थना म्हणू लागली.

"बाप्तिस्म्याचं मनावर घ्या," एका संध्याकाळी ती म्हणाली. "फादरांना मी विचारते."

उन्नती बाळाला झोपवत होती. "मम्मी, माझी ना नाहीये. पण बाबांची आत्ताच बायपास झालीये. ते हिंडायला-फिरायला लागले की करू ना. घाई काय आहे?"

"लहान जिवाचं काही सांगता येत नाही," क्लारा म्हणाली.

उन्नतीचा चेहरा उतरला.  क्लाराला तेव्हा सांगता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात जेन्सन आला, जेवणाची पानं घेतली गेली आणि विषय राहून गेला.

पहिल्या लशीला आर्या उन्नतीच्या खांद्यावर झोपलेली होती. सुई टोचली तेव्हा ती डोळे गच्च मिटून रडली आणि रडत रडतच पुन्हा झोपली. डोळे कोणी पाहिले नाहीत. दवाखान्यातून बाहेर पडताना क्लाराला हायसं वाटलं. पुढे तिला बाकी सगळ्यापेक्षा हे हायसं वाटणंच जास्त छळत राहिलं.

घराघरांतून नाताळाचे तारे लागले होते. पुढच्या लशीच्या वेळी दवाखान्यात नव्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी बाळाचं वजन पाहिलं, छाती तपासली आणि छोट्या टॉर्चचा झोत डोळ्यांवर धरला. मग तो धरूनच ठेवला. खोलीतला दिवा बंद करायला सांगून पुन्हा पाहिलं.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "जन्मापासूनच असणार."

"मोतीबिंदू? एवढ्याशा बाळाला?" जेन्सनला खरंच वाटेना.

"होतो कधी कधी. पहिल्या दोन महिन्यांत ऑपरेशन झालं तर नजर चांगली येते. आता उशीर झालाय. पण अजून थांबू नका. मुंबईला मी चिठ्ठी देते." मग त्यांनी दोघी बायकांकडे पाहिलं. "घरात कोणाच्या लक्षात नाही आलं? बराच ठळक आहे हो."

"नाही, डॉक्टर," क्लारा म्हणाली.

"नाही," उन्नतीही म्हणाली.

जेन्सन बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. "कशामुळे होतं हे? म्हणजे आमच्या कोणाचं काही चुकलं का?"

"बऱ्याचदा कारण सापडतच नाही," डॉक्टरीण बाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुमचा दोष नाही आणि बाळाचाही नाही."

 परतीच्या रिक्षात उन्नती बाळाच्या कपाळावर ओठ टेकून बसली होती. क्लारा बाहेर बघत होती. आपण खोटं बोललो आणि सुनेनं मात्र बिचारीनं खरं सांगितलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

नवं वर्ष लागता लागता मुंबईत ऑपरेशन झालं. नीट झालं. डोळ्यावरचं झाकण काढलं तेव्हा डावं बुब्बुळही काळंभोर होतं. उजव्याशी ताडून पाहिलं तरी फरक कळेना. जेन्सन तिथंच हुंदके देऊन रडला. क्लारानं क्रुसाची खूण केली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतलं. "डोळा आता स्वच्छ आहे, उजेड आत जातोय. पण इतके दिवस त्या बाजूनं काही दिसतच नव्हतं, त्यामुळे मेंदूनं तिकडे लक्ष देणं सोडून दिलंय. आता त्याला शिकवावं लागेल. चष्मा लावायचा, आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीनं झाकायचा, म्हणजे बाळ या डोळ्यानं बघायला लागेल. ती रडेल, ओढून काढेल. पट्टी सोडू नका. कितपत नजर येईल ते आज सांगता येत नाही."

"दोन महिने आधी आलो असतो तर?" उन्नतीनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तर मी तुम्हाला जास्त खात्रीनं सांगू शकलो असतो."

घरी आल्यावर उशीसारख्या गोबऱ्या गालांवर जाड भिंगाचा इवलासा चष्मा आला, मागून इलॅस्टिकनं बांधलेला. उजव्या डोळ्यावर पट्टी लावली की आर्या चाचपडायची. आईचं तोंड समोर असून तिला सापडायचं नाही. मग ती असा टाहो फोडायची की शेजारची जीना कुंपणापाशी येऊन विचारायची, "काय झालं गो पोरीला?"

क्लारा पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर होते. तिनं सांगितलं, "फादर, मी एकदा खोटं बोलले." फादरांनी अधिक विचारलं नाही, तिनं अधिक सांगितलं नाही. त्यांनी काही प्रार्थना म्हणायला सांगितल्या, क्षमेचे शब्द उच्चारले. ती बाकावर गुडघे टेकून सगळ्या प्रार्थना म्हणाली आणि आली होती तशीच जड मनानं घरी गेली. दुकानदाराच्या हातात खोटं नाणं सरकवून यावं तसं तिला वाटत होतं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. प्रार्थना मंडळाची प्रमुख सालोमी एक दिवस केळफुलाची भाजी घेऊन घरी आली. बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "केवढा मोठा चमत्कार झाला तुमच्या घरी! टीचर, शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये साक्ष द्या. तुम्ही रोज तेल लावून प्रार्थना केलीत, ते सांगा. लोकांचा विश्वास वाढेल."

तेलाचं क्लारानंच कधीतरी सालोमीच्या कानावर घातलं होतं. पण ते कधीपासून लावत होती, हे सांगितलं नव्हतं. तिनं मान डोलावली.

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात योहानाच्या शुभवर्तमानातला जन्मांधाचा धडा होता. हा धडा तिनं कितीदा तरी शिकवला होता. ती रंगवून सांगू लागली. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, त्याच्या की त्याच्या आईबापांच्या? येशू सांगतो, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. इथवर आली आणि तिच्या कानात चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरीण बाईंचे शब्द उमटले, तुमचा दोष नाही आणि बाळाचाही नाही. ती थांबली. मुलं वाट बघत होती.

तिनं पुढचं सांगितलं. येशूनं चिखल केला, त्याच्या डोळ्यांना लावला, तो तळ्यावर जाऊन धुऊन आला आणि त्याला दिसू लागलं. मग परूशी लोकांनी, म्हणजे तिथल्या धर्मपुढाऱ्यांनी, त्याच्या आईबापांना बोलावून घेतलं. हा तुमचाच मुलगा ना? याला दिसायला कसं लागलं? ते म्हणाले, मुलगा आमचाच, पण कसं झालं ते आम्हाला ठाऊक नाही, त्यालाच विचारा.

"त्यांना माहीत होतं," क्लारा म्हणाली. "पण त्यांना लोकांची भीती होती. लोक आपल्याला बाहेर काढतील म्हणून ते गप्प बसले."

 इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना ती स्वतःला नेहमी येशूच्या बाजूला उभी समजत आली होती. परूशी म्हणजे कोणीतरी दुसरे, जुन्या काळचे, लांब झग्यातले. आम्हाला दिसतं, असं ठासून सांगणारे आणि म्हणूनच आंधळे राहिलेले. त्यांच्याबद्दलचं येशूचं हे वाक्य मुलांकडून ती दर वर्षी पाठ करून घ्यायची. त्या दिवशी तिनं ते म्हणवून घेतलं नाही. वर्ग लवकर सोडला.

घरी उन्नती ओटीवर होती. बाळाच्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती नुकतीच रडून थकली होती. जेन्सन वाडीत पाणी सोडायला गेला होता. क्लारा चपलासुद्धा न काढता पायरीवर बसली.

"उन्नती, मला तुला एक सांगायचं आहे. डॉक्टरांकडे मी खोटं बोलले."

उन्नतीनं वर पाहिलं.

"मला दिसलं होतं. इथंच, न्हाऊ घातल्यावर, उन्हात."

"कधी?"

"बारशानंतर. लगेचच."

उन्नतीनं बोटांवर दिवस मोजले. मग ती म्हणाली, "म्हणजे दोन महिन्यांच्या आत."

"हो."

"आणि तुम्ही तेल लावत होतात."

"मला वाटलं, बाप्तिस्मा झाला की जाईल. मला वाटलं..." क्लाराला पुढचं बोलणं कठीण गेलं, तरी ती बोलली. "मला वाटलं, ही तुमच्या लग्नाची शिक्षा आहे. लोकांना कळलं तर मला मान खाली घालावी लागेल. म्हणून मी गप्प बसले."

उन्नती रडेल, ओरडेल असं क्लाराला वाटलं होतं. ती नुसती बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मलाही दिसलं होतं."

क्लाराला आधी अर्थच लागला नाही.

"फोटोत. फ्लॅश मारून काढला होता. एक डोळा लाल आला आणि एक पांढरा. मी मोबाइलवर शोधलं, तर काय काय भयंकर लिहिलेलं. मी तो फोटो उडवून टाकला."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू?" आता तिचा आवाज चढला. "तुम्हाला? पोटात होती ना ही, तेव्हा तुम्ही इथं ओटीवर जीनाताईंना सांगत होतात, देवाला बाजूला ठेवून केलेला संसार आहे, फळ कसं येतं ते बघायचं. मी आत होते. मला सगळं ऐकू आलं. तुमची बोली मला कळत नाही असं तुम्हाला वाटतं. मला कळते, मम्मी."

क्लाराला असं काही बोलल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. पण ते शब्द आपलेच आहेत यात तिला शंका वाटली नाही.

"मी ठरवलं होतं, आईकडे गेले की तिकडच्या डॉक्टरला गुपचूप दाखवायचं. तुम्हाला कळायच्या आत. मग बाबांचं ऑपरेशन निघालं. रोज वाटायचं, उद्या जाऊ. रोज वाटायचं, फोटोच खराब असेल." उन्नतीला आता रडू फुटलं. "तिची आई आहे मी. तुमच्या तोंडाला घाबरून मी माझ्या पोरीचा डोळा..."

 आर्या जागी झाली आणि आईच्या रडण्यात तिचंही रडणं मिसळलं. क्लारानं हात पुढे केला, तशी उन्नती उठून आत गेली.

संध्याकाळी ती बाळाला घेऊन विरारला माहेरी गेली. जेन्सन तिला सोडून परत आला, तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. तो जेवला नाही. हात धुवायच्या नळापाशी उभा राहून म्हणाला, "मम्मी, मला तरी सांगायचंस. मी तुम्हा दोघींच्या मध्येच राहतो ना?" मग तो दार लोटून झोपला.

शुक्रवारी क्लारा हॉलमध्ये गेली. न जाणं सोपं होतं, आजारी आहे म्हणून कळवता आलं असतं. सालोमीनं गाणं संपल्यावर तिला पुढे बोलावलं. सगळ्या ओळखीच्या बायका होत्या, काही तिच्याच विद्यार्थिनी, आता स्वतः आया झालेल्या.

"माझ्या नातीचा डोळा डॉक्टरांनी बरा केला," क्लारा म्हणाली. "त्याबद्दल देवाचे आभार. पण मी साक्ष द्यायला आले आहे ती दुसऱ्या गोष्टीची. तो डोळा आजारी आहे हे मला आधीच दिसलं होतं आणि मी लपवलं. तुम्ही काय म्हणाल या भीतीनं लपवलं. माझ्या सुनेला मी पापी समजत होते. डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी तेल लावत बसले. तेलाचा दोष नाही, प्रार्थनेचा नाही. उशीर माझ्यामुळे झाला. बाळाला त्या डोळ्यानं नीट दिसेल की नाही, आज कोणी सांगू शकत नाही."

कोणीतरी खोकलं. सालोमी पुढे येऊन तिचा दंड धरत म्हणाली, "असं नका बोलू टीचर. देवाचीच इच्छा असेल."

"नाही सालोमी," क्लारा म्हणाली. "ते देवावर ढकलू नकोस."

ती खाली बसली. पुढचं गाणं कोणाला धड सुरू करता येईना. नंतर दोघी-तिघी येऊन तिच्या हाताला हात लावून गेल्या, बाकीच्या लांबूनच निघून गेल्या. आपण बोललो म्हणून हलकं वाटेल, अशी तिची थोडी आशा होती. तसं झालं नाही. ती एकटीच चालत घरी आली. फादरांकडे ती पुन्हा गेली आणि यावेळी सगळं सांगितलं.  फादर म्हणाले, "देवाची क्षमा तुम्हाला आहे. सुनेची मात्र तुम्हाला तिच्याकडेच मागावी लागेल, आणि ती द्यायची की नाही हे तिचं ती ठरवेल."

तिनं विरारला जाऊन मागितली. उन्नतीनं दार उघडलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "मला आत्ता नाही जमत, मम्मी," एवढंच ती म्हणाली. तिच्या आईनं क्लाराला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, आणि त्या चहाचा एकेक घोट क्लाराला जड गेला.

ईस्टर होऊन गेला. उन्नतीची रजा संपत आली. तिच्या आईला वडिलांचंच पथ्यपाणी पुरे होत होतं. एका रविवारी जेन्सनबरोबर ती बॅगा घेऊन परत आली. बाळाला पाळण्यात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"सोमवारपासून मला ऑफिस आहे. पट्टी तुम्ही लावायची. रोज. ती कितीही रडली तरी मध्ये काढायची नाही. आणि काहीही वेगळं दिसलं, अगदी काहीही, तर मला त्याच क्षणी फोन करायचा."

"करीन गो," क्लारा म्हणाली, आणि पहिल्यांदाच ते घरच्या बोलीत म्हणाली. उन्नतीनं त्याची दखल घेतली की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

आणि मग रोजचं ते काम सुरू झालं. चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची म्हणजे नातीच्या डोळ्यांसमोरून जग काढून घ्यायचं. आर्या किंचाळायची, आजीच्या हातांना ओरबाडायची. पट्टी दिसली की तोंड फिरवायची. पूर्वी आजीला पाहून हसणारं पोर आता तिला पाहून रडायला लागलं. क्लारानं ते सोसलं. ती बाळाला कडेवर घेऊन वाडीत फिरायची, लालभडक जास्वंद चष्म्यासमोर धरायची, स्टीलची वाटी उन्हात चमकवायची, सारखी बोलत राहायची. बाळ आवाजाकडे तोंड करायचं. डोळा मात्र कुठेतरी भलतीकडेच असायचा. बाप्तिस्म्याचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

मे महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी डाव्या डोळ्यापुढून रंगीत चेंडू फिरवला. डोळा अडखळत, मध्येच चुकत, पण त्याच्यामागून गेला. "थोडी नजर येतेय," ते म्हणाले. "उजव्यासारखी होणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. पण येतेय. पट्टी पुढची काही वर्षं चालूच ठेवावी लागेल." जेन्सननं उन्नतीचा हात धरला. क्लारा मागच्या खुर्चीवर बसून होती. उजव्यासारखी होणार नाही, हे शब्द तिनं पुरते ऐकले.

त्यानंतरच्या एका शनिवारी उन्नती घरी होती. क्लारा ओटीवर चटईवर आर्याला बसवून समोर वाटी वाजवत होती. पट्टी लावलेली होती. आर्या रडून रडून थांबली, हुंदके देत वाटीकडे बघू लागली. हात लांब केला, तो वाटीच्या बाजूला पडला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. क्लारानं वाटी पुढे सरकवली नाही. तिसऱ्या वेळी बोटं काठावर लागली.

उन्नती दारात उभी होती. कधीपासून ते क्लाराला कळलं नव्हतं.

"अजून किती वेळ आहे पट्टीचा?" तिनं विचारलं.

"आहे थोडा."

"खूप रडली?"

"हो. आज जास्तच."

उन्नतीनं मान हलवली. ती आत जाईल असं क्लाराला वाटलं. पण ती बाहेर आली आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला बसून लेकीनं धरलेल्या वाटीकडे बघत राहिली.